बढतीचा आदेश आणि टेबलाचा खण

पत्राचा सारांश: बेळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या पंचेचाळीस वर्षांच्या भगिनीचे हे पत्र आहे. त्या वाणिज्य शाखेच्या पदवीधर असून २००४ साली ऊर्जा खात्याशी संबंधित एका सरकारी कार्यालयात कनिष्ठ सहायक म्हणून लागल्या. आज त्या वरिष्ठ सहायक आहेत आणि कार्यालयाचे सगळे व्यवस्थापन प्रत्यक्षात त्याच पाहतात. आता त्यांना बढतीचा आदेश आला आहे. नवी जागा घरापासून सुमारे १८० किलोमीटरवर असून संमती एका महिन्यात कळवायची आहे. त्यांचे शिक्षण मराठी माध्यमात झाले. कन्नड त्या अस्खलित बोलतात, पण स्वतंत्र टिप्पणी लिहायची वेळ आली की हात अडखळतो. 'वरच्या खुर्चीत मराठी माणसाला टिकू देत नाहीत,' असे भोवतालचे लोक त्यांना सांगतात. कोल्हापूरच्या एका नातेवाइकाने आपल्या सौरऊर्जेच्या व्यवसायात या असे म्हटले आहे, तर भाचा 'एनर्जी मॅनेजर'ची परीक्षा द्या म्हणतो. पत्राच्या शेवटी दोन ओळी आहेत: सासूबाई वर्षभरापासून अंथरुणाला खिळल्या आहेत, मुलगा बारावीत आहे, आणि यजमान या विषयावर काहीच बोलत नाहीत. आदेश टेबलाच्या खणात पडून आहे. बढती नाकारावी, स्वीकारावी की नोकरीच सोडावी, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. चार पानांपैकी दोन पाने कन्नडवर आहेत, एक पान कोल्हापूरच्या नोकरीवर आहे, उरलेल्या पानात कार्यालयाची हकिकत आहे आणि घराच्या वाट्याला शेवटच्या दोन ओळी आल्या आहेत. मी एका तालुका कचेरीतून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. ज्या कलमावर खरी अडचण असते ते कलम अर्जदार नेहमी शेवटी आणि बारीक अक्षरात लिहितो, हे मला त्या खुर्चीने शिकवले. त्या दोन ओळींकडे मी येणारच आहे, पण तुम्ही ज्याला मोठी अडचण समजता त्या भाषेचे आधी बोलू.

तुम्ही लिहिता की कन्नड टिप्पणी लिहायला बसलात की प्रत्येक शब्द परका वाटतो. खरेच प्रत्येक शब्द परका आहे का? सध्या ज्या शब्दांनी तुमची झोप उडवली आहे तेच घ्या. बढतीला कन्नडमध्ये 'बडती' म्हणतात, बदलीला 'वर्गावणे', रजेला 'रजे', हुद्द्याला 'हुद्दे', अर्जाला 'अर्जी' आणि मंजुरीला 'मंजुराती'. कचेरी दोन्हीकडे कचेरीच आहे. ज्ञापन, आदेश, अधिसूचना हे शब्द संस्कृतातून दोन्ही भाषांत आले आहेत. खरोखर परके असे थोडेच उरतात, आणि तेही गोड आहेत. परिपत्रकाला 'सुत्तोले' म्हणतात, म्हणजे सभोवार फिरणारी ओले. ओले म्हणजे पूर्वी ताडपत्रावर लिहीत ते पत्र. कानडी आणि मराठी दफ्तरांनी या मुलुखात शतकानुशतके एकमेकांच्या शेजारी बसून लिहिले आहे. तुम्हाला अडवतो तो शब्द नसून वाक्याचा शेवट आहे, क्रियापदाचे रूप आहे आणि आपली चूक वरच्या साहेबांच्या नजरेस पडेल ही धास्ती आहे.

ती धास्ती मीही भोगली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एक कन्नड टिप्पणी रात्र जागून लिहिली आणि सकाळी वर पाठवली. दुपारी ती परत आली तेव्हा माझी एकच ओळ शाबूत होती, बाकी सगळी लाल शाईने भरलेली होती. त्या वेळचे आमचे हेडक्लार्क गदगकडचे कन्नड गृहस्थ होते. त्यांनी मला शेजारी बसवले आणि कपाटातून जुन्या फाइली काढून दाखवले की टिप्पणीला चारच पाय असतात: विषय काय, मागचे पत्र कोणत्या क्रमांकाचे व तारखेचे, नियम काय म्हणतो, आणि आपली शिफारस काय. शेवटी 'आदेशक्कागी सल्लिसिदे', म्हणजे आदेशासाठी सादर, हे दोन शब्द लिहायचे आणि सही करायची. तुमची भाषा वाईट नाही, तुम्ही टिप्पणीत निबंध लिहिता, असे ते म्हणाले. त्यानंतर तीन महिने मी रोज एक जुनी टिप्पणी वहीत उतरवून काढली. तुम्हालाही हेच सांगेन. मंजुरीच्या, नामंजुरीच्या, खुलाशाच्या, खरेदीच्या आणि रजेच्या अशा चांगल्या हाताच्या पंधरा-वीस टिप्पण्या निवडून त्या हाताने उतरवा. 'नुडी'वर कन्नड टंकलेखनाचा सराव नसेल तर तो घरी रोज अर्धा तास करा. पुष्कळदा हात भाषेमुळे न अडता कळफलकामुळे अडतो. माझ्या अंदाजाने याला तीन ते चार महिने लागतील. बढती नाकारण्याएवढे हे कारण मोठे नाही.

आता 'टिकू देत नाहीत' या वाक्याकडे. मी याच भागात जन्मलो आहे. १९५६ साली काय झाले, २००४ साली महाराष्ट्राने दाखल केलेल्या दाव्याचे काय होते आहे, हे मला कोणी सांगावे लागत नाही, आणि या भागातल्या मराठी माणसाच्या मनातली सल खोटी आहे असेही मी म्हणणार नाही. परंतु सीमाप्रश्नाचा निकाल तुमच्या सर्व्हिस बुकात लागायचा नाही. तुमच्या एकवीस-बावीस वर्षांत भाषेमुळे अन्याय झाल्याचा प्रसंग म्हणून तुम्ही एकच लिहिला आहे: एका वरिष्ठांनी टिप्पणीवर 'भाषा सरळ करा' असा शेरा मारला. ताई, हा शेरा माझ्या कारकिर्दीत मी स्वतः कितीतरी कन्नड मुलांच्या टिप्पण्यांवर मारला आहे. ज्या कार्यालयाने तुम्हाला कनिष्ठ सहायकापासून इथवर आणले, खातेनिहाय परीक्षा आणि कन्नड भाषेची परीक्षा उत्तीर्ण झाल्याची नोंद केली आणि आता स्वतःहून बढतीचा आदेश काढला, त्या कार्यालयाबद्दलचे मत तुम्ही चहाच्या टपरीवर बोलणाऱ्यांकडून का घ्यावे? उद्या नव्या जागी कोणी खरोखर भेदभाव केलाच, तर तो तारीख घालून लेखी नोंदवायचा असतो. कागदाचे हे शस्त्र तुमच्याइतके कोणाला चालवता येते? मात्र जे अजून घडलेले नाही त्याच्या भीतीपोटी आलेला हुद्दा परत करणे मला पटत नाही.

तुमच्या पत्रातले ज्या वाक्याने मला खरे वाईट वाटले ते वेगळेच आहे. 'मी फक्त कागद सांभाळते, वीज साहेब लोक सांभाळतात,' असे तुम्ही लिहिता. त्याच पत्रात दोन परिच्छेद आधी तुम्ही गेल्या जुलैची हकिकत सांगितली आहे. जंगलपट्टीत वादळी पावसाने झाडे पडून तारा तुटल्या होत्या, अभियंते आणि लाइनमन सगळे जागेवर गेले होते, कार्यालयातही अंधार होता आणि फोन थांबत नव्हता. तेव्हा तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरचे एक पान फाडले, त्याच्या कोऱ्या बाजूला मेणबत्तीच्या उजेडात गावांची नावे लिहिली, प्रत्येक नावापुढे तक्रार आल्याची वेळ घातली, आणि पुरवठा सुरू झाल्याचा निरोप आला तशी दुसरी वेळ घातली. कोणत्या गावचा टीसी, म्हणजे रोहित्र, जळाला, गाडीला डिझेल कोठून द्यायचे, कंत्राटदाराची माणसे कोठे पाठवायची, हे त्या पानावरून ठरले. दोन महिन्यांनी एका गावाने पुरवठा चार दिवस बंद होता अशी तक्रार केली, तेव्हा खुलाशाला आधार म्हणून जोडला गेला तो तोच कागद होता. हे व्यवस्थापन नाही तर काय आहे? यासाठी विद्युत अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. कोणती माहिती कोणाला, केव्हा आणि कोणत्या रूपात हवी असते याची जाण लागते, आणि ती अभियांत्रिकीच्या पदवीनेही आपोआप येत नाही.

सरकारी ऊर्जा कार्यालयाच्या व्यवस्थापकाचे काम गेल्या पंचवीस वर्षांत किती बदलले याचा अंदाज बाहेरच्यांना नसतो. राज्याच्या वीज मंडळाचे १९९९ साली महामंडळ झाले, २००२ साली वितरणाच्या वेगळ्या कंपन्या निघाल्या, २००३ साली नवा विद्युत कायदा आला, आणि प्रत्येक टप्प्याला नियामक आयोग, तक्रारनिवारणाच्या मुदती, ताळेबंद व लेखापरीक्षण यांचे नवे ओझे आले, ते कचेरीवरच आले. त्यात योजनांची भर पडली. २०२३ साली घरगुती मोफत विजेची गृहज्योती योजना आली तेव्हाची गर्दी तुम्ही वर्णन केली आहे. २०२२-२३ या वर्षातल्या वापराची सरासरी, त्यावर दहा टक्के, एवढी वीज मोफत, आणि दोनशे युनिटांच्या पुढे गेले की पूर्ण बिल, हे गणित खिडकीपाशी उभ्या असलेल्या एका आजीबाईंना तुम्ही मराठीत, त्यांच्या आर. आर. नंबरची पावती हातात धरून, तीन वेळा समजावून सांगितलेत. सीमेपलीकडच्या पाहुण्याला हाच नंबर 'ग्राहक क्रमांक' म्हणून ठाऊक असतो आणि टीसीला तो डीपी म्हणतो. कर्नाटकात दहा अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला मोफत वीज मिळते, महाराष्ट्राने २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतची योजना आणली, आणि कागलच्या मेहुण्याला ते मिळते तर मला हे का नाही, हा निपाणीकडच्या शेतकऱ्याचा प्रश्न शेवटी तुमच्याच टेबलावर येतो. बदली स्वीकारलीत तर या खिडकीचे नुकसान होईल, हे मी नाकारत नाही. तुमच्या तालुक्याला दोन्ही भाषांत समजावणारे माणूस लगेच मिळणार नाही. पण त्यासाठी तुम्ही आयुष्यभर त्याच खुर्चीत बसावे, अशी अपेक्षा मी करणार नाही.

भाच्याच्या सूचनेबद्दल थोडक्यात सांगतो, कारण हा गोंधळ अनेक वाचकांचा होतो. 'एनर्जी मॅनेजर' हा शब्द २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यातला आहे. सिमेंट, पोलाद, कागद अशा ज्या उद्योगांना वीज व इंधन प्रचंड लागते आणि ज्यांना सरकारने तसे अधिसूचित केले आहे, त्यांना असा प्रमाणित माणूस नेमावा लागतो. त्याची परीक्षा केंद्राचा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो घेतो आणि तिला बसण्यासाठी अभियांत्रिकीची पदवी किंवा पदविका, नाहीतर भौतिकशास्त्रासारख्या विषयातले पदव्युत्तर शिक्षण, आणि त्यावर अनुभव लागतो. तुमच्या वाणिज्य पदवीवर ती देता येणार नाही. ऊर्जा कार्यालयाचा व्यवस्थापक आणि कायद्यातला ऊर्जा व्यवस्थापक ही दोन वेगळी माणसे आहेत. अभियांत्रिकी केलेल्या तरुण वाचकांनी मात्र या परीक्षेचा विचार जरूर करावा. तुमच्यासाठी पुढची पायरी लेखा किंवा प्रशासन शाखेतली आहे, आणि ती नेमकी आदेशात लिहिलेलीच आहे.

कोल्हापूरच्या नोकरीबद्दल मी जरा कठोर होणार आहे. छतावरच्या सौर पॅनेलांना सध्या तेजी आहे, हे खरे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती संचाला दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० रुपये आणि तीन किलोवॉट वा त्याहून मोठ्या संचाला एकूण ७८,००० रुपये अनुदान मिळते. या अनुदानाचे अर्ज, मंजुरी, तपासणी, नेट मीटर हा सगळा कागदी प्रवास तुम्हाला तोंडपाठ आहे, म्हणूनच नातेवाइकांना तुम्ही हव्या आहात. पण योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंतची आहे. ती वाढेलही, न वाढेलही. तुमच्या हातात मात्र साठाव्या वर्षापर्यंतची पंधरा वर्षे आहेत. दुसरे असे, की राज्याच्या सेवेत १ एप्रिल २००६ पासून लागलेल्यांना नवी पेन्शन योजना आहे आणि तुम्ही २००४ साली लागला आहात. तुमच्या संस्थेतही हीच तारीख आहे का आणि तुमची नोंद जुन्या पेन्शनमध्ये आहे का, हे आधी सर्व्हिस बुकात पाहा. ती तशी असेल तर राजीनामा हा शब्द तोंडातूनसुद्धा काढू नका. राजीनामा दिला की सामान्यतः मागची सेवा बुडते. ठरावीक अर्हताकारी, म्हणजे पेन्शनसाठी धरली जाणारी, सेवा झाल्यावर घेतलेल्या स्वेच्छानिवृत्तीत ती बुडत नाही. दोन्ही अर्ज दिसायला सारखे, एका पानाचे असतात. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी रागाच्या भरात यातला चुकीचा अर्ज दिला आणि नंतर दहा वर्षे कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले.

बढती नाकारण्याचेही मोल असते आणि ते लगेच दिसत नाही. नाकारणाऱ्याचा विचार काही काळ पुन्हा होत नाही, त्या काळात कनिष्ठ पुढे निघून जातात, आणि बऱ्याच सेवा नियमांत नाकारलेल्या बढतीमुळे कालबद्ध वेतनवाढीचा लाभही अडतो. तुमच्या संस्थेचा नियम नेमका काय म्हणतो, किती महिने म्हणतो, हे आस्थापना विभागातून लेखी विचारून घ्या. ज्याच्याकडे फाइल असते तोच तोंडी सांगतो तेव्हा चुकतो, हा माझा अनुभव आहे.

आणि आता त्या दोन ओळी.

ताई, कन्नडचे कारण सांगून बढती नाकारली तर कोणी तुम्हाला दोष देणार नाही, उलट सहानुभूतीच मिळेल. घराचे कारण सांगितले तर मात्र घरात एक अवघड बोलणे करावे लागेल. भाषेवर दोन पाने लिहिली गेली ती कदाचित यामुळेच. माझा तर्क चुकला असेल तर क्षमा करा. पण यजमान काही बोलत नाहीत याचा अर्थ त्यांचा नकार आहे असे तुम्ही धरून चालला आहात, आणि पत्रात कोठेही 'मी त्यांना स्पष्ट विचारले' असे वाक्य नाही. दुकान सांभाळून आईचे औषधपाणी आपल्याला जमेल का, या काळजीनेही माणूस गप्प बसतो. एखाद्या रविवारी दुकान बंद झाल्यावर त्यांच्याबरोबर कागद-पेन घेऊन बसा आणि हिशेब मांडा: बढतीने पगारात किती फरक पडतो, तिकडे खोलीचे भाडे किती, आठवड्याला येण्याजाण्याचा एसटीचा खर्च किती, आणि इथे दिवसभर एक मदतनीस बाई ठेवली तर तिचे किती. नणंदा असतील तर त्यांच्याशीही बोला. सून नोकरीवर जाते तेव्हाच 'आईंकडे कोण बघणार' हा प्रश्न उभा राहतो. मुलगा दूर नोकरीला गेला तर तो कोणी विचारत नाही. हिशेब मांडूनही जमत नाही असे निघाले, तर घरासाठी बढती नाकारणे हा पूर्ण मानाचा निर्णय आहे. मात्र तो घरासाठी म्हणून घ्या, कन्नड येत नाही म्हणून नको.

शिवाय स्वीकारणे आणि नाकारणे यांच्या मधलीही वाट असते. मुलाची बारावीची परीक्षा होईपर्यंत रुजू होण्यास मुदतवाढ मागता येते. सासूबाईंच्या आजाराचे वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून जवळच्या एखाद्या रिक्त जागेवर नेमणूक मिळावी, अशी विनंती करता येते. ती मान्य होईलच असे नाही, पण विनंती केली म्हणजे बढती नाकारली असा अर्थ होत नाही. अर्जात तसे स्पष्ट लिहा: 'बढती मला मान्य आहे, फक्त जागेबाबत विनंती आहे.' हे वाक्य गाळून केवळ अडचणी लिहिल्या, की तो अर्ज नकार म्हणून वाचला जाण्याचा धोका असतो. आणि रुजू झाल्यावर वर्ष-दीड वर्षाने जिल्ह्यात परत येण्याचा अर्ज करणाऱ्याला, अजून न गेलेल्या माणसापेक्षा जास्त बळ असते.

जाणे ठरले तर पदभार सोपवताना प्रलंबित फाइलींची यादी स्वतः करा, आणि ते कॅलेंडरचे पान कोणत्या फाइलीत लावले आहे तेही तीत लिहा. मागून येणाऱ्याला पुढच्या जुलैत ते लागेल.

आणखी एक विचारायचे राहिले. तुमच्या पत्रात सासूबाईंचे आजारपण आहे, पण या बढतीबद्दल त्या काय म्हणतात ते नाही. त्यांना सांगितले आहे का? अंथरुणाला खिळलेल्या माणसापासून घरातल्या गोष्टी लपवण्याची आपली रीत आहे, आणि त्या माणसाला त्या सगळ्या आधीच कळलेल्या असतात. त्यांनीच तुम्हाला २००४ साली पहिल्या दिवशी डबा करून दिला होता, असे तुम्हीच पहिल्या पानावर लिहिले आहे. आदेशाचा कागद खणातून काढा आणि संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून वाचून दाखवा.

मुदत संपायच्या आत मुदतवाढीचा अर्ज मात्र द्या, बाकीचे काही ठरले नसले तरी. हे उत्तर छापून येईपर्यंत उशीर होऊ नये म्हणून एवढी एक गोष्ट तुम्हाला टपालाने आधीच कळवली आहे. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायला विसरू नका. खिडकीपलीकडच्या लोकांना इतकी वर्षे तुम्ही हेच सांगत आला आहात.